गावची भिंत, गावची ओळख



भिंत माणसाने बांधली ती आडोशासाठी. ऊन, पाऊस आणि चोर यांना बाहेर ठेवावे, एवढाच तिचा मूळ उद्देश. पण भिंत उभी राहिली, की तिच्यावर काहीतरी काढावे असे माणसाच्या हाताला वाटतेच. नागपंचमीला आपल्या बायाबापड्या भिंतीवर नाग काढतात. लग्नघराच्या दाराशी गणपती आणि भालदार-चोपदार रंगवतात. शाळेच्या ओवरीत बाराखडी असते, नकाशा असतो. हमरस्त्यावरच्या घरांवर कधी विडीची जाहिरात झळकली, कधी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. म्हणजे भिंत बोलते, हे खेड्यातल्या माणसाला मुद्दाम सांगायला नको. प्रश्न एवढाच, की ती कोणाचे बोलते?

हा प्रश्न आज विचारायचे कारण असे. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यातल्या नगरपालिकांनी आणि महापालिकांनी भिंती रंगवायला घेतल्या आहेत. २०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि पुढे शहरांची स्वच्छतेत स्पर्धा लागली, तेव्हापासून या कामाला जोर आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये तर मुंबईच्या उपनगरी मार्गावरील अनेक स्थानकांच्या भिंती स्वयंसेवकांनी आणि विद्यार्थ्यांनी हातात कुंचला घेऊन रंगवल्या. पिचकाऱ्यांनी लाल झालेल्या जागी मोर, वासुदेव, शेतकरी दिसू लागले. काम चांगले आहे, यात शंका नाही. चित्र काढलेल्या भिंतीवर थुंकताना माणूस जरासा तरी कचरतो.

पण या चित्रांना 'आपला वारसा', 'आपली ओळख' असे नाव दिले, की जबाबदारी वाढते. मग एक साधी कसोटी लावून पाहावी. भिंतीवरचे चित्र मनाने उचलावे आणि पन्नास कोसांवरच्या दुसऱ्या गावी नेऊन लावावे. तिथे ते तितकेच शोभले, कोणालाही काही वेगळे वाटले नाही, तर ते चित्र सजावटीचे. सजावट वाईट नव्हे. घराला तोरण लागतेच. पण तोरण म्हणजे घराण्याचा इतिहास नव्हे. जे चित्र त्या गावातून हलवता येत नाही, हलवले तर खोटे ठरते, तेच त्या गावची ओळख सांगते.

भिंतीवरच्या चित्राला लोकशिक्षणाचे काम दिल्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. मेक्सिको देशात क्रांतीनंतर, १९२० च्या सुमारास, शिक्षणमंत्री व्हास्कोन्सेलोस यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना मोकळ्या करून दिल्या. पुष्कळ जनता निरक्षर होती. पुस्तक वाचणार कोण? मग दिएगो रिव्हेरा आणि त्याच्या सोबत्यांनी त्या देशाचे शेतकरी, खाणकामगार, बाजार आणि सण भिंतींवर मांडले. आपल्याकडे शांतिनिकेतनात विनोदविहारी मुखर्जी यांनी १९४७ साली हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे जीवन रंगवले. त्यांची दृष्टी अधू होती, पुढे ती पूर्णच गेली. पण ते चित्र आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. या दोन्ही ठिकाणी चित्रकाराने आधी आपली माणसे नीट पाहिली आणि मग रंग कालवला.

आता ही कसोटी घेऊन आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या एकमेकांना लागून असलेल्या तीन शहरांकडे जाऊ. कल्याणहून कर्जतच्या बाजूला गाडी निघाली, की विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर लागते, मग अंबरनाथ, मग बदलापूर. परक्या माणसाला खिडकीतून सगळे एकच शहर वाटते: इमारती, छपरे, कारखाने, पुन्हा इमारती. पण या तीन गावांच्या आठवणी अगदी वेगवेगळ्या आहेत. एकाची आठवण दगडात कोरलेली आहे, दुसऱ्याची माणसांच्या मनात आहे आणि तिसऱ्याची नदीच्या पाण्यात व डोंगराच्या वाटेवर आहे.

प्रथम अंबरनाथ घ्या. येथे भिंतीवरच्या चित्रांची परंपरा शोधायला दूर जावे लागत नाही. वालधुनी नदीच्या काठी शिवाचे प्राचीन मंदिर आहे. उत्तर कोकणात शिलाहार राजांचे राज्य होते, त्या वेळचे ते. मंदिरातल्या कोरीव लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ दिला आहे. राजा मम्वाणी किंवा मुम्मुणी याचे नाव आहे आणि देवाचा उल्लेख आम्रनाथ असा आहे. सभामंडपाला तीन दारे आहेत. गाभारा मात्र जमिनीच्या पातळीखाली. सुमारे वीस पायऱ्या उतरून जावे लागते. आणि बाहेरच्या भिंती पाहाल, तर त्यांवर हाताचा तळवा ठेवायला मोकळी जागा सापडणे कठीण. खाली हत्तींच्या रांगा, वर देव-देवी, अप्सरा, नर्तक. भिंतीला जागोजाग कोन काढले आहेत; त्यामुळे सकाळचे ऊन एका बाजूने आणि संध्याकाळचे दुसऱ्या बाजूने येते, तेव्हा तीच मूर्ती दोन वेळा दोन प्रकारची दिसते.

आता विचार करा. साडेनऊशे वर्षांपूर्वी पोथी वाचता येणारे लोक किती असतील? पण भिंतीभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या कुणब्याला आणि कोळणीला पुराणातली गोष्ट डोळ्यांनी वाचता येत होती. सार्वजनिक भिंत लोकांसाठी बोलकी करावी ही कल्पना नगरपालिकेने काल-परवा शोधून काढलेली नाही, ती या मातीत इतकी जुनी आहे. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींनी या शिल्पांची रेखाटने केली आणि साचे घेतले. म्हणजे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी या भिंतीसमोर बसून शिकायचे, हीही दीडशे वर्षांची चाल आहे.

या मंदिराची दुसरी एक कथा आहे, बरं का. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, उजाडले म्हणून कळस अपुरा राहिला, असे लोक सांगतात. मग शहरातल्या भिंतीवर काय काढावे, पांडव की मुम्मुणी राजा? माझे म्हणणे असे, की दोन्ही काढावे, पण दोघांना एका पंगतीला बसवू नये. राजाच्या चित्राखाली शिलालेखाचे वर्ष लिहावे आणि पांडवांच्या चित्राखाली 'लोककथा' असा स्वच्छ शब्द लिहावा. कथा खोटी म्हणून टाकून देण्याची नाही. शेकडो वर्षे आज्यांनी ती नातवंडांना सांगितली, हाही इतिहासच. पण शाळेतल्या मुलाला कथा कोणती आणि पुरावा कोणता, एवढे समजलेच पाहिजे. ती सवय त्याला पुढे जन्मभर उपयोगी पडते.

येथे एक सूचना आवर्जून करतो. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या दगडाला शेंदूर, तेलरंग, चुना काहीही लावायचे नाही. उत्साहाच्या भरात 'मंदिर उजळू या' म्हणणारी मंडळी गावोगाव भेटतात. त्यांना हात जोडून थांबवावे. दगडाचे जुने शिल्प रंगाने झाकले, की त्याची रेघ मरते. चित्रे काढायची ती शहरातल्या साध्या, नव्या भिंतींवर.

आणि अंबरनाथ म्हणजे केवळ मंदिरही नव्हे. विसाव्या शतकात हे कामगारांचे गाव झाले. रसायनांचे कारखाने आले, यंत्रांचे व दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आले आणि काडेपेटीचा कारखाना आला, ज्याचे नाव विम्को नाक्याने धरून ठेवले आहे. काडेपेटीवरची छोटी रंगीत चित्रे आठवतात ना? खेड्यातल्या चुलीपर्यंत पोचलेली चित्रकला होती ती! पहाटेच्या भोंग्याला उठून डबा घेऊन निघालेला माणूस, पाळीवर गेलेली बाई, चाळीतला सार्वजनिक नळ, हे सगळे जर भिंतीवर आले नाही, तर हजार वर्षांपूर्वीचा राजा आपला आणि काल घाम गाळणारा आजोबा मात्र परका, असा उलटा हिशेब होईल.

शिवाय वालधुनीचे काय? मंदिर जिच्या काठी बांधले, ती नदी आज कारखान्यांच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात या पात्रात घातक रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. अशा नदीच्या पुलावर निळेशार पाणी आणि पांढरे बगळे रंगवले, तर ते चित्र कोणाची ओळख सांगते? चित्राने घाण झाकायची नसते. त्यापेक्षा जुन्या माणसांना विचारून, नदीत कुठे पोहत, कोणते मासे मिळत, बाया धुणी कुठे धूत, ते काढावे. मग पाहणारा पुलावरून खाली पाहील आणि दोन्हींतला फरक त्याचा त्यालाच कळेल.

आता उल्हासनगर. या गावाला जुने देऊळ नाही, किल्ला नाही, वाडा नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना या बराकींत आसरा मिळाला. पाच कॅम्प मिळून वस्ती लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि जवळच्या उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना कॅम्पचा आकडा सांगतो. छावणी गेली, निर्वासित हा शब्द गेला, पण पत्त्यातला कॅम्प काही गेला नाही.

ज्या माणसाने आपले गाव मागे ठेवले, त्याच्याजवळ वारसा म्हणून काय असते? दगड आणता येत नाही, नदी आणता येत नाही. भाषा येते, देव येतो, गाणे येते, रांधायची रीत येते. सिंधी समाजाने झुलेलाल आणला: पांढऱ्या दाढीचा, कमळावर बसलेला, सिंधू नदीच्या लाटांवर माशावरून जाणारा देव. श्रावणाच्या सुमारास चाळीस दिवसांचे चालिहो व्रत आणले. हेमू कलाणीची आठवण आणली. १९४३ साली सक्कर येथे इंग्रजांनी त्याला फाशी दिले, तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. आणि भाषा आणली, जिला स्वतःचा प्रांत उरला नव्हता. तिला १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले.

पण उल्हासनगरचे नाव निघाले, की बाहेरच्या माणसाला काय आठवते? नकली मालाची थट्टा. तीन इंग्रजी अक्षरे घेऊन केलेला तो विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. एखाद्या गावची ओळख गावाने स्वतः सांगितली नाही, तर दुसरे लोक ती सांगतात आणि बहुधा थट्टेने सांगतात. म्हणून उल्हासनगरच्या भिंतींना काम आहे. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून केलेले चार संसार, घरात पापड लाटून मुलांची फी भरणारी आई, हातगाडीपासून दुकानापर्यंत आलेला बाप, उघड्यावर भरलेली पहिली शाळा, अशी चित्रे तिथे शोभतील. ती त्या गावावाचून दुसरीकडे नेता येणार नाहीत.

मात्र हे काम थांबण्यासारखे नाही. १९४७ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या घरात आहे. बराकी पाडून इमारती झाल्या, होत आहेत. सांगणारा गेला आणि बराकही गेली, की चित्रकाराने काढायचे कशावरून? आणि दुसरी गोष्ट, त्या भिंतीवर फक्त सिंधी माणूस असून चालणार नाही. छावणीच्या आधीपासून शेती करणारे आगरी-कोळी इथे आहेत. कामासाठी घाटावरून आलेले, दलित वस्तीत राहणारे, उत्तरेतून आलेले कामगार इथे आहेत. भिंतीवर शब्द लिहायचे, तर एक ओळ मराठीत आणि एक ओळ सिंधीत लिहावी. शेजाऱ्याची लिपी वाचता आली नाही, तरी ती आपल्या भिंतीवर आहे एवढे दिसले, तरी पुष्कळ काम होते.

आता बदलापूर. नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती अशी सांगतात, की कल्याणहून घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर येथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. खरे काय असेल ते असो, पण वाट खरी आहे. कल्याण हे मोठे बंदर होते, १६५७ साली ते शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले, आणि कोकणातून घाटावर जाणारा माल या खोऱ्यातून जात होता. भिंतीवर घोडे रंगवावेत, पण तिथेही 'असे सांगतात' हे दोन शब्द विसरू नयेत.

आज बदलापूरची मोठी गोष्ट वेगळीच आहे. २००१ च्या जनगणनेत येथे सुमारे ९८ हजार माणसे होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ पाऊण पट वाढ! म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या पुष्कळांना हे गाव नवे आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून ते आले, पहाटेच्या गाडीने जातात, रात्री परततात. गावात राहतात खरे, पण गाव त्यांना दिसत नाही. अशा माणसाला हे गाव आपले वाटावे कसे? तो गाडीतून उतरून घरी जाताना जी भिंत रोज पाहतो, ती यासाठी फार मोलाची जागा आहे.

तिथे काय काढावे? उल्हास नदी काढावी. २६ जुलै २००५ चा पूर आठवणाऱ्या माणसाला विचारून, पाणी कुठवर चढले होते तिथे एक ठसठशीत रेघ मारावी आणि शेजारी तारीख लिहावी. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. एक हजाराहून अधिक प्रवासी होते. सरकारी पथके बोटी घेऊन आली, आसपासच्या गावकऱ्यांनी मदत केली आणि सारे प्रवासी सुखरूप बाहेर आले. ही बदलापूरची कथा आहे, या परिसरातल्या माणुसकीची कथा आहे. आणि नदीकाठी घर घेणाऱ्या नव्या माणसाला ती पुराची रेघ एखाद्या सरकारी परिपत्रकापेक्षा लवकर शहाणे करील.

आता वारली चित्रांविषयी थोडे बोलले पाहिजे. कारण पूल असो, शाळा असो, दवाखाना असो, राज्यात कुठेही भिंत रंगवायची म्हटले की पहिल्याने वारली नाच काढतात. दोन त्रिकोण जोडले, वर एक टिंब दिले, झाला माणूस! इतके सोपे वाटते. पण हे चित्र मुळात काय आहे? वारली घरात लग्न असले, की शेणाने सारवून गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचे टोक चेचून केलेल्या कुंचल्याने सवाशिणी चौक काढतात. चौकात पालघाट देवीची प्रतिष्ठा होते. धवलेरी गाणी म्हणते. त्या चौकावाचून लग्न लागत नाही. हे देवकार्य आहे. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला बाहेरच्या जगापुढे आली. डहाणू भागातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रे काढू लागले आणि त्यांनी ही कला देशोदेशी नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते निवर्तले.

तारपा नाचात मधोमध तारपा वाजवणारा असतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. त्याच्याकडे पाठ करत नाहीत. आपल्या शहरी भिंतींवर कधी कधी फेर असतो आणि तारपेवालाच हरवलेला असतो. वाद्यावाचून नाच! ज्याने तो काढला, त्याने नाच पाहिलेला नाही, हे त्या जातीच्या लहान मुलालाही कळते.

आणखी असे, की वारली लोक मुख्यतः डहाणू, तलासरी, जव्हार या बाजूचे. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात गेला. बदलापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि कातकरी वाड्या अधिक आहेत. मग इथल्या भिंतीवर आदिवासी जीवन काढायचे, तर इथल्या ठाकराला आणि कातकऱ्याला विचारायला नको का? एकाचे चित्र काढून दुसऱ्याला 'हे तुझे' म्हणणे हा सन्मान नव्हे. आणि वारली चित्रच हवे असेल, तर वारली कलावंताला बोलवावे, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि खाली त्याचे नाव लिहावे.

शिक्षक मंडळी आता विचारतील, 'हे सगळे ठीक, पण आमच्या शाळेने करायचे काय?' सांगतो. खर्च मोठा नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.

पहिले काम कुंचल्याचे नाही, कानाचे आहे. सातवी-आठवीच्या मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाने गावातल्या दोन वृद्ध माणसांना भेटावे. त्यांत एक तरी आजी असावी. विहीर कोणी खणली, पूर कधी आला, बाजार कुठे भरे, कोणते काम आता उरले नाही, हे वहीत लिहून घ्यावे. एकाने सांगितलेले दुसऱ्याकडून पडताळून पाहावे. वर्षाविषयी शंका असली, तर ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेचे हजेरीपट, जुने वर्तमानपत्र पाहावे. मग सगळ्यांनी बसून पाच विषय निवडावेत. निवडताना एक प्रश्न विचारावा, 'यात गावातली कोणती आळी आली नाही?' हा प्रश्न कडू वाटेल, पण तो आधी विचारलेला बरा. चित्र पुरे झाल्यावर कोणी विचारला, तर भिंतीपुढे भांडण उभे राहते.

दुसरे काम परवानगीचे. भिंत सरकारी असो वा खाजगी, धन्याची लेखी संमती घ्यावी. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे. हेतू चांगला असला तरी न विचारता रंग लावणे बरे नव्हे.

तिसरे काम भिंतीचे. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर लगेच रंग देऊ नये. गिलाव्यावर नीट पाणी मारून तो मुरू द्यावा, मग निदान महिनाभर वाळू द्यावा. ओल असलेल्या भिंतीला लोणा धरतो, पांढरी भुकटी बाहेर येते आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून आधी वरून किंवा पायातून पाणी झिरपते का ते पाहावे आणि तो दोष काढावा. दसरा-दिवाळीनंतर काम सुरू करावे आणि उन्हाळ्याआधी आटोपावे. अस्तराचा हात देऊन, वरून बाहेरच्या भिंतीसाठी मिळणारे पाण्यात मिसळण्याचे रंग वापरावेत. पावसाची झड ज्या बाजूने येते ती बाजू टाळता आली, तर चित्र जास्त टिकते.

चित्र मोठे कसे करायचे, ही मुलांना अडचण वाटते. त्याला जुनी युक्ती आहे. कागदावरच्या लहान चित्रावर समान चौकटी पाडाव्यात. भिंतीवर दोरीला खडूची पूड लावून तितक्याच मोठ्या चौकटी पाडाव्यात. मग एकेका चौकटीतली रेघ तिच्या जागी उतरवत जावी. यात गणितातले प्रमाणही शिकून होते आणि ज्याला 'मला चित्र येत नाही' असे वाटते, त्यालाही एक चौकट मिळते.

चौथे काम लिहिण्याचे. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी असाव्यात: प्रसंग काय, वर्ष कोणते आणि माहिती कुठून मिळाली. दहा वर्षांनी ज्याला काही ठाऊक नसेल, त्याच्यासाठी त्या दोन ओळी आहेत.

आणि पाचवे काम, जे बहुधा राहून जाते, ते सांभाळण्याचे. उद्घाटनाला फीत कापतात, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या पावसाळ्यात चित्रातल्या माणसाचे नाक पडते. पोपडे आलेले पूर्वजांचे चित्र कोऱ्या भिंतीपेक्षा वाईट. ते आपली आस्था किती दिवसांची होती, हे जाहीर सांगते. म्हणून आरंभीच ठरवावे, की दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर वरच्या वर्गाने चित्र दुरुस्त करायचे आणि खालच्या वर्गाला त्याची गोष्ट सांगायची. वारली चौक वा नागपंचमीचा नाग टिकाऊ रंगात कधीच नव्हता. तो दर वेळी नव्याने काढला जाई आणि काढताना आई मुलीला शिकवी. तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला तो रंगामुळे नव्हे, या शिकवण्यामुळे.

अंबरनाथच्या शिलाहारांनी काळा दगड वापरला. आपल्याला सिमेंटची भिंत आणि दोन डबे रंग पुरे आहेत. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या सगळ्यात वृद्ध माणसाकडे चार मुले आणि एक वही पाठवा. पाऊस सरला, की भिंतीचे पाहू. आधी वही भरली पाहिजे.